शनिवारची तार

"हरवला," मिलका म्हणाली.

शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या पवित्र विश्रांतीच्या दिवशी, दाराच्या चौकटीवर ठोकलेल्या मझुझ्यापासून, धर्मवचनांच्या त्या लहानशा लाकडी डबीपासून, दोन हातांवर उभी राहून ती धडधडीत खोटं बोलली, आणि अठ्ठावन्न वर्षांच्या त्या शिक्षिकेचा आवाज जरासुद्धा हलला नाही. समोर तिची भाची याएल उभी होती. परवापासून तिसऱ्यांदा तेच मागायला आली होती : आजी-आजोबांचा केतुबा, म्हणजे त्यांच्या लग्नाच्या दिवशी साक्षीदारांच्या सह्यांनी झालेला करारलेख. तो हातात आला तर याएल दहा महिन्यांसाठी इस्रायलला जाणार होती. उद्या सकाळी दहाला अर्जाची मुदत संपत होती...

याएलने आत्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. काहीतरी विचारावंसं तिला वाटलं असावं, पण ती विचारणार नाही, हे मिलकाला माहीत होतं. बापासारखीच होती, तोंड मिटून ऐकून घेणारी. डोळे पुसत ती जिना उतरली. तिच्या अर्जाची छापील प्रत टेबलावरच राहिली, कारण परवा ती म्हणाली होती की आत्या, तुझ्याइतकं इंग्रजी सोलापुरात कुणाला येतं, एकदा वाचून चुका काढ ना.

मागे ओट्यापाशी म्हातारी चन्नम्मा चहा उकळत होती. शनिवारी या घरात कुणी काडी ओढत नाही, म्हणून चाळीस वर्षं दर शनिवारी दुपारी शेजारची चन्नम्मा येऊन गॅस पेटवते. तिने आच थोडी कमी केली. 

मिलकाने अर्ज पुढे ओढला. शब्बाथला लिहायचं नसतं, पण वाचायला कुणाची हरकत नाही.

रकाना १ : अर्जदाराचे पूर्ण नाव

याएल शिमशोन चेऊलकर.

शिमशोन! धर्मग्रंथातला शिमशोन सिंहाचा जबडा फाडतो. चेऊलकरांच्या शिमशोनला पावाची पिशवी फाडायला कात्री लागते. सात रस्त्यावर त्याचं दहा बाय आठचं झेरॉक्सचं दुकान आहे. दिवसभर तो दुसऱ्यांच्या कागदांच्या नकला काढतो, आणि स्वतःच्या घरात एक कागद धड नाही. लग्न केलं ते चैतालीशी, रजिस्टर ऑफिसात, पाच मिनिटांत. चैताली बौद्ध घरातली. सरकारी दवाखान्यात परिचारिका, सरळ बाई, तिच्याबद्दल मिलकाला बोलायचं नव्हतं. बोलायचं होतं ते भावाबद्दल. सिनेगॉगातली प्रार्थना नाही, नवरानवरीवर धरायचं छत्र नाही, केतुबा नाही... आणि आता त्याच्या लेकीला ज्यू असल्याचा पुरावा हवा, तेव्हा कुटुंबाला आठवला कुणाचा माळा? मिलकाचा.

शनिवारीसुद्धा त्याचं दुकान उघडं असतं. सोलापुरात ज्यू उरले किती, बोटावर मोजण्याइतके. त्यातला एक शब्बाथला पंचायत समितीची परिपत्रकं छापत बसतो.

रकाना ४ : तुम्हाला या कार्यक्रमात का सहभागी व्हायचे आहे?

इथे पोरीने दोनशे शब्द लिहिले होते, आणि त्यांत 'उत्कट' हा शब्द तीनदा. मिलकाची बोटं लाल पेनासाठी वळवळली.

पण दोष पोरीचा नव्हता, त्या माहितीपत्रकाचा होता. गेल्या महिन्यात पुण्याच्या एका हॉटेलात समाजातल्या तरुण मुलामुलींना बोलावून एका नीटनेटक्या माणसाने पडद्यावर चित्रं दाखवली होती. सकाळी हिब्रू भाषा, दुपारी शाळेत इंग्रजी शिकवा; किंवा वृद्धाश्रमात सेवा करा; किंवा एखाद्या कंपनीत काम शिका. राहायला खोली, हाती थोडाफार भत्ता. प्रत्येक पानावर दात दाखवणारी पोरं आणि संत्र्यांनी भरलेली खोकी! खाली मोठ्या अक्षरांत : 'या, स्वतःला शोधा.' सोलापुरात हरवलं होतं का कुणी? वृद्धाश्रमात सेवा करायला समुद्र ओलांडायचा, आणि घरातली एकटी आत्या औषधाच्या गोळ्या स्वतःच मोजून घेणार... वा रे सेवा!

तिकडे हल्ल्याचे भोंगे वाजले की तळघरात पळावं लागतं, असं चैताली काळजीने म्हणाली होती. त्यावर मिलका फटकन बोलून गेली होती की हिला पळायची सवय आहेच, बापाचं रक्त आहे.

याएलने तेही ऐकून घेतलं होतं.

रकाना ७ : यापूर्वी तुमच्या कुटुंबातील कुणी अशा कार्यक्रमासाठी गेले आहे का?

नाही.

एवढंच. एका शब्दात मुलीने मिलकाचं अख्खं आयुष्य लिहून टाकलं होतं, आणि त्यात व्याकरणाची एकही चूक नव्हती.

तेहेतीस वर्षांपूर्वी मिलका पंचवीस वर्षांची होती. वडील रेल्वेत गार्ड होते, ते दोन वर्षांपूर्वी गेले होते. घर तिच्या शिकवण्यांवर चालत होतं. तिने अर्ज केला होता : वर्षभर अर्धा दिवस भाषेचा अभ्यास, अर्धा दिवस शेतावर काम. नाव प्रतीक्षा यादीत लागलं. पासपोर्ट तयार होता, आईने नवस बोलला होता की पोरगी गेली तर एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने मलिदा करीन, गूळ-खोबरं घातलेल्या पोह्यांचं ताट सगळ्या आळीला वाटीन. आणि मग एका शनिवारी तार आली. जागा रिकामी झाली आहे, रविवारी संध्याकाळपर्यंत पासपोर्ट घेऊन मुंबईत हजर व्हा.

ती तार मिलकाच्या हातात पडली रविवारी दिवे लागल्यावर.

वीस वर्षांच्या शिमशोनने ती आणून दिली होती, खाली बघत, घडी पडलेली. "आक्का, काल आली होती. मी फोडून बघितली... मग खिशातच राहिली." शनिवारी रात्रीची सिद्धेश्वर गाडी मिळाली असती तर सकाळी मुंबई. खिशातच राहिली! मिलकाने त्याच्या थोबाडीत मारली. आई पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली होती, डावा हात पदराखाली झाकून.  मिलकाला वाटलं, आईलाही धक्का बसला.

त्यानंतर तेहेतीस वर्षांत तिने भावाला टोमणा मारायची एकही संधी सोडली नव्हती. शब्बाथ मोडून तार फोडलीस, तीही विसरण्यासाठी. हे वाक्य तिने त्याला इतक्या वेळा ऐकवलं होतं की ते घरातल्या भांड्यासारखं झालं होतं. तो दुकानाची किल्ली विसरला तरी तेच, कुणाच्या लग्नात मिठाई कमी पडली तरी तेच. दवाखान्यात याएल जन्मली आणि तो आनंदाने पेढे घेऊन आला, तर मिलका म्हणाली होती की वजन नीट विचारून आलास ना, की खिशात राहिलं?

तो हसला होता. तो नेहमीच हसायचा, आणि त्या हसण्याचा तिला जास्त तिटकारा यायचा. निदान उलट बोल, निदान एकदा भांड... पण नाही. कणा नसलेल्या माणसाचा राग तरी किती करायचा? म्हणून ती राग सोडून तुच्छतेवर आली होती. ती परवडते. ती आयुष्यभर पुरते.

रकाना ९ : ज्यू असल्याचा पुरावा

'आजी-आजोबांपैकी एक ज्यू असल्यास चालेल. केतुबाची प्रत जोडावी.' कोकणातल्या ज्या लहानशा सिनेगॉगात आईवडिलांचं लग्न लागलं, तिथली जुनी वही वाळवीने खाल्ली होती. दुसरा कागद नव्हता. होता तो माळ्यावर, तांब्याच्या घंगाळामागे, पत्र्याच्या लांब नळीत गुंडाळून ठेवलेला.

हरवला म्हणायला मिलकाने आधी ठरवलं नव्हतं. परवा याएलने पहिल्यांदा विचारलं तेव्हा ती म्हणाली, बघते. काल म्हणाली, सापडत नाही. आज शब्द आपोआप बाहेर पडला. कारणं तिच्याजवळ पुष्कळ होती. शिमशोनच्या हाती साठ वर्षांपूर्वीचा कागद द्यायचा? तो कुणाच्या तरी वीजबिलाला टाचून देईल. आणि ज्याने सिनेगॉगाची पायरी चढायची तसदी घेतली नाही, त्याच्या लेकीने आयत्या कागदावर उडून जायचं?

पण ही कारणं बाजूला सारल्यावर खाली जे उरत होतं, तिकडे ती बघत नव्हती. दर शुक्रवारी संध्याकाळी याएल यायची. काचेच्या पेल्यात पाणी, वर खोबरेल तेल, त्यात वात... दिवा मिलका लावायची आणि डोळ्यांवर हात धरून दोघी आशीर्वाद म्हणायच्या. मग काळ्या मनुकांचं सरबत. ती गेली की शुक्रवारी या घरात 'आमेन' म्हणायला दुसरा आवाज नव्हता. दहा महिने म्हणतात. गेलेलं पोर दहा महिन्यांनी परत येतं का? आणि आलंच नाही तर?

आणि याहूनही खाली, अगदी तळाशी... मी नाही गेले. तू का जावंस?

या जागेत काही लिहू नये. कार्यालयीन उपयोगासाठी.

चन्नम्माने चहाचा पेला टेबलावर ठेवला आणि ती गेली नाही. लुगड्याचा पदर खांद्यावर ओढत समोरच्या खुर्चीत बसली. या घरात ती कधी खुर्चीत बसली नव्हती.

"कागूद वर नळीत हाय की," ती म्हणाली. "दिवाळीत चुना मारला, तवा मीच नव्हं का ठिवली वर?"

मिलका म्हणाली की तो घरचा प्रश्न आहे, चन्नम्माक्कांनी त्यात पडू नये. शाळेत चाळीस पोरांना गप्प करणारा तो सूर होता. म्हातारी त्याच्याने हलली नाही.

"तुजी आई बी हितंच हुबी हुती. असंच न्हाय म्हणली हुती."

"कशाला?"

"तारंला." चन्नम्माने चष्मा काढला, पदराने पुसायला लागली, पुशीतच राहिली. "तार तुज्या भावाच्या खिशात न्हवती गं यव्वा. माज्या हातात हुती. मी फाडली ती."

मग ती सांगत गेली. अडखळत, मध्येच कानडीत घसरत. त्या शनिवारी दुपारी मिलका आतल्या खोलीत झोपली होती. तारवाला आला. शनिवारी आई कागद फाडणार कशी? तिने चुलीपाशी असलेल्या चन्नम्माला सांगितलं, तू फोड. चन्नम्माने पाकीट फाडलं, इंग्रजी कुणाला येतं, म्हणून शिमशोनला बोलावलं. त्याने वाचलं आणि तो नाचलाच. आक्काला उठवतो म्हणाला, रात्रीच्या गाडीला बसवून येतो म्हणाला... आईने त्याचं मनगट धरलं. तीन महिन्यांपासून तिच्या डाव्या हाताला वाटीसुद्धा धरवत नव्हती. मिलकाला काळजी नको म्हणून ती लपवत होती. पोरगी गेली की आपण गेलो, एवढंच तिला दिसत होतं. तिने मुलाला दारापर्यंत ओढत नेलं, त्याचा हात मझुझ्यावर दाबून धरला आणि वदवून घेतलं की उद्या संध्याकाळपर्यंत तार द्यायची नाही, आणि आईने ठेवून घेतली हे जन्मात कधी सांगायचं नाही.

"पोरगं लई रडलं," चन्नम्मा म्हणाली. "म्हणलं, आई, आक्का मला खाऊन टाकंल. तर तुजी आई म्हणली, तुला खाईल, पर मला तरी घास भरवंल."

टेबलावरच्या चहावर साय धरली होती.

अकरा वर्षं... अकरा वर्षं मिलकाने आईला घास भरवला होता. भात मऊ करून, नारळाच्या दुधातलं कालवण कालवून, हनुवटीखाली रुमाल धरून. प्रत्येक घासाला वाटायचं, निदान हिने तरी माझं काही वाईट केलं नाही. आणि आई तो घास गिळताना दाराकडे बघायची. मिलकाला वाटायचं, शिमशोनची वाट बघते, नालायक पोराची. ती बघत होती चौकटीवरच्या मझुझ्याकडे.

"तुम्ही मला का नाही सांगितलंत?" मिलकाचा आवाज आता मात्र फाटला. "तेहेतीस वर्षं माझ्या डोळ्यांसमोर वावरलात, चन्नम्माक्का!"

"सांगिटलं असतं, तर तू तिला घास भरिवला असतास?"

मिलकाने चहाचा पेला दूर सारला.  चन्नम्माच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायचं तिला सुचत नव्हतं.

"तवा मी फाडली अन् गप बसले," ती उठत म्हणाली. "आज गप बसले, तर शिवा मला कुटं ठिवंल?"

रकाना १० : तुमच्या घरी पाळली जाणारी एखादी परंपरा लिहा

पान उलटायचं राहिलं होतं. ते मिलकाने आता उलटलं.

'माझी आत्या शनिवारी घराबाहेर पडताना काहीच उचलत नाही, हातात रुमालसुद्धा घेत नाही,' याएलने लिहिलं होतं. 'ती म्हणते, एक दिवस हात रिकामे ठेवले की कळतं, आपण आठवडाभर काय काय धरून ठेवतो. मला ज्यू असणं पुस्तकांतून नाही, तिच्याकडून मिळालं. माझे बाबा शुक्रवारी मला तिच्या दारापर्यंत सोडतात आणि स्वतः खालीच उभे राहतात. मी विचारलं की वर का येत नाही, तर म्हणतात, वर गेलो तर आक्काचा शब्बाथ बिघडतो. प्रार्थना संपेपर्यंत ते जिन्याखाली डोक्यावर रुमाल टाकून उभे असतात. हे आत्याला माहीत नाही.'

एक स्वल्पविराम चुकला होता.

मिलका उठली. स्टुलावर चढली. घंगाळ बाजूला सारून तिने पत्र्याची नळी काढली, पदराने धूळ पुसली. दारातून जाताना नेहमीप्रमाणे मझुझ्याला बोटं लावून ओठांना लावायला हात वर गेला आणि तिथेच थांबला. या लाकडावर एका वीस वर्षांच्या मुलाचा हात दाबून धरला होता... तिने बोटं टेकवली. बराच वेळ टेकवून ठेवली.

मग शनिवारी, सूर्य वर असताना, हातात ओझं घेऊन ती रस्त्यावर उतरली.

रकाना १२ : जवळच्या नातेवाईकाची सही

रिक्षात बसायचं नाही, एवढं मात्र तिने पाळलं. रेल्वे लाइनमधल्या घरापासून सात रस्त्यापर्यंत ती चालत गेली, कडक उन्हं उतरत असताना, नळी छातीशी धरून. ओळखीच्या दोघी-तिघींनी हटकलं, तिने बघितलंही नाही.

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. शिमशोन यंत्राच्या झाकणात डोकं घालून अडकलेला कागद उपसत होता; पाठ वाकलेली, मानेवरचे केस पांढरे. कधी पिकले ते, तिला सांगता आलं नसतं. त्याने वळून बघितलं. आधी तिच्याकडे, मग नळीकडे, मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे.

"आक्का, आज शनिवार आहे."

"मला वार कळतात," ती म्हणाली. "केतुबा आहे. प्रत काढ."

त्याने नळी घेतली नाही. आधी त्याने यंत्राचं बटण बंद केलं. मग पंखा बंद केला. बाहेर येऊन शटर अर्ध्यावर ओढलं, 'झेरॉक्स चालू' ही पाटी उलटी केली, आणि पायरीवरचं वर्तमानपत्र हाताने झटकून तिला बसायला जागा केली. तारे दिसू देत, तो म्हणाला, तीन दिसले की शब्बाथ संपतो, मग काढू, मुदत सकाळपर्यंत आहे, तू आजवर कधी मोडला नाहीस, माझ्या दुकानात नको मोडू.

दोघं पायरीवर बसली. समोर सातही रस्त्यांवरची वाहनं एकमेकांवर खेकसत होती. त्याने फोन करून याएलला एवढंच कळवलं की आत्या दुकानात आली आहे, तू ये, सावकाश ये.

मिलकाने समोर बघतच विचारलं, "शिमू, ती तार... कुणी फाडली होती?"

तेहेतीस वर्षांत तिने त्याला शिमू म्हटलं नव्हतं. त्याचा उजवा हात मांडीवर होता, तो त्याने हळूच मुठीत मिटला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, तसंच त्याचं ते नेहमीचं हसूही आलं.

"मीच, आक्का. खिशात राहिली. विसरलो मी."

त्याने हात कशावर ठेवला होता, ते तिला आता माहीत होतं. आई गेली, तारखातं बंद झालं, आणि हा सिनेगॉगाची पायरी न चढणारा माणूस अजून आपला शब्द धरून बसला होता. तिला म्हणावंसं वाटलं, पुरे कर, मला कळलंय सगळं... पण ते म्हटलं असतं, तर त्याच्याजवळचं ते एकच काढून घेतल्यासारखं झालं असतं.

"बरं," ती म्हणाली. "विसरलास तर विसरलास."

आणि तिने नळी त्याच्या मांडीवर ठेवली.

दिवे लागले. जाहिरातींच्या फलकांवरून आभाळ तांबूस झालं. शिमशोन मान वर करून बोट दाखवत मोजत होता, एक तो, नाट्यगृहाच्या बाजूला दुसरा, आणि तो तिसरा.

"ते विमान आहे, मूर्खा," मिलका म्हणाली.

खरंच, ते हळूहळू होटगी रोडच्या दिशेने सरकत होतं. दोघं ते दिसेनासं होईपर्यंत बघत राहिली. मग तिसरा तारा निघाला तो मिलकाने दाखवला, आणि शिमशोनने शटर वर केलं. यंत्र गरम व्हायला वेळ लागत होता. सुटणारी गाडी पकडायला धावल्यासारखी धापा टाकत याएल रस्ता ओलांडून येताना दिसली.

मिलकाने केतुबा स्वतःच्या हाताने उलगडला, काचेवर सपाट केला, आणि भावाच्या हातावर हात ठेवून झाकण खाली दाबलं.

"दोन्ही बाजूंनी काढ," ती म्हणाली. "आणि एक प्रत जास्त. माझ्या खिशात राहू दे."